फॉरमॅट मारायच्या आधी

प्रश्न : मी लालबागला राहते. घरी असेंबल केलेला जुना कॉम्प्युटर आहे, विंडोज १०. त्यावर मी सोसायटीचे हिशेब लिहिते आणि लग्न-मुंजीच्या पत्रिकांचं टायपिंग करते. मुलगा अकरावीत आहे, त्याचे प्रोजेक्टही त्यावरच. गेल्या आठवड्यापासून उजव्या कोपऱ्यात खालून चौकटी वर येतात, 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले'. एकदा तर अख्खा स्क्रीन निळा झाला, भोंगा वाजायला लागला आणि मध्ये एक फोन नंबर. सासऱ्यांनी घाबरून तिथे फोन लावला. पलीकडचा काहीतरी डाउनलोड करायला सांगत होता, तेवढ्यात मी येऊन फोन कापला. त्यात पेन ड्राइव्ह झेरॉक्सवाल्याकडे लावून आणला तर आतले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. त्यावर क्लिक केलं की फाइल मात्र उघडते. मशीन इतकं स्लो झालंय की सुरू करून मी स्वयंपाकघरात निघून जाते. आमचा दुरुस्तीवाला म्हणतो, 'व्हायरस घुसलाय, फॉरमॅट मारतो, पंधराशे होतील, अँटिव्हायरस पण टाकून देतो.' मारू का फॉरमॅट? नेटबँकिंगही मी यावरूनच करते. – एक वाचक

उत्तर :

ताई, फॉरमॅट आज मारू नका. कदाचित शेवटी मारावा लागेल, पण तुम्ही एका पत्रात चार तक्रारी लिहिल्या आहेत आणि त्या चारही एकाच व्हायरसच्या असतील असं मला वाटत नाही. त्यातल्या काही तर बहुधा व्हायरसच नाहीत. दुरुस्तीवाल्याला चारही कामं फॉरमॅटने एका फटक्यात उरकतात म्हणून तो तसं सांगतो. त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर आहे, पण हिशेबाच्या फायली तुमच्या आहेत.

सगळ्यात आधी सासऱ्यांच्या फोनचं बघू, कारण पैसे जाण्याची भीती तिथेच आहे. त्यांना न रागावता विचारा: फोन कापायच्या आधी त्यांनी नक्की काय केलं? एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर अशा नावाचं काही डाउनलोड केलं का? स्क्रीनवरचा एखादा मोठा आकडा वाचून दाखवला का? तो आकडा म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता. तो दिला आणि पुढच्या खिडकीत 'ॲक्सेप्ट' दाबलं, की माउस त्या माणसाच्या हातात गेला. रागावू नका एवढ्यासाठीच म्हणतोय, की रागावलात तर ते अर्धंच सांगतील, आणि आत्ता आपल्याला उरलेलं अर्धंच हवंय.

मग इंटरनेट बंद करा. वायर असेल तर काढा, वायफाय असेल तर राउटरचं बटण दाबा. सेटिंग्जमधली ॲप्सची यादी उघडून ती तारखेप्रमाणे लावा, म्हणजे नुकतं आलेलं वर दिसेल. यातली काही सॉफ्टवेअर इन्स्टॉल न करताही चालतात, त्यामुळे ती यादीत सापडणार नाहीत. म्हणून डाउनलोड्सचा फोल्डरही तारखेप्रमाणे लावून बघा. त्या दिवशीचं, ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर काढून टाका. आणि सासऱ्यांचा मोबाइल तपासायला विसरू नका. या टोळ्या हल्ली कॉम्प्युटरपेक्षा मोबाइलवर ॲप टाकायला सांगण्यात जास्त पटाईत आहेत, आणि ओटीपी तिथेच येतो.

समजा, त्यांनी खरंच ताबा दिला होता आणि त्या वेळात बँकेचं पान उघडं होतं किंवा पैसे गेल्याचा मेसेज आला, तर कॉम्प्युटर राहू द्या बाजूला. आधी बँकेला फोन, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी ते गोठवता येतात, पण त्यासाठी वेळ फार थोडा असतो. 'संध्याकाळी हे आले की बघू' असं करू नका.

फक्त बोलणं झालं असेल, डाउनलोड काहीच झालं नसेल, तर नुसत्या फोनने कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. तो नंबर तेवढा ब्लॉक करा. ते परत फोन करतील.

आता तो निळा स्क्रीन आणि भोंगा. ताई, ते निव्वळ एक वेबपेज होतं, ब्राउझरने पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, आणि ही एक खूण घरातल्या सगळ्यांना पाठ करायला सांगा. असं पान पुन्हा आलं तर एस्केपची कळ काही क्षण दाबून धरा. नाही हललं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझरवर 'एंड टास्क' करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो आधीची पानं 'रिस्टोर' करू का विचारेल, तिथे नाही म्हणा. होय म्हटलंत की भोंगा परत.

फोनवरचा माणूस मायक्रोसॉफ्टचा नसतो हे तुम्हाला कळलंच असेल. तो आपल्याच देशात हेडफोन लावून बसलेला असण्याची शक्यता बरीच. २०१६ साली ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तिथली पोरं अमेरिकेतल्या लोकांना तिथले कर अधिकारी असल्याची बतावणी करून धमकावत होती. तेव्हा 'इतका सफाईदार बोलत होता, म्हणजे कंपनीचाच असणार' असं सासरे म्हणाले तरी त्याला फार किंमत देऊ नका. खरा व्हायरस एवढा गाजावाजा करत नाही. पासवर्ड चोरणाऱ्याला तुम्ही जागं व्हायला नकोच असतं.

कोपऱ्यातल्या चौकटी बहुतेक याच जातीच्या आहेत. पुढच्या वेळी चौकट वर आली की घाईने फुली मारण्याआधी तिच्याकडे नीट बघा. लाल अक्षरांच्या जवळ बारीक अक्षरांत 'गुगल क्रोम' आणि कुठल्यातरी अनोळखी साइटचं नाव दिसेल. म्हणजे ती ब्राउझरची नोटिफिकेशन आहे. कधीतरी कुठल्यातरी साइटने 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा' म्हटलं, घरातल्या कोणीतरी दाबलं, आणि त्या दिवसापासून तिला तुमच्या स्क्रीनवर वाटेल ते लिहायची परवानगी मिळाली. ही परवानगी काढायला अँटिव्हायरस लागत नाही. क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी असलेल्या साइट्सची यादी असते. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट काढा. खरं तर सगळ्याच काढल्यात तरी तुमचं काही अडणार नाही. तिथेच आहात तर एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, तीही बघून घ्या. 'पीडीएफ कन्व्हर्टर', 'कूपन' असल्या नावाचं, तुम्ही न टाकलेलं काही असेल तर उडवा.

ही साइट घरात आली कुठून, याबद्दल माझा एक संशय आहे आणि त्यात मुलाचा दोष नाही. तुम्ही पत्रिकांचं काम करता. म्हणजे गिऱ्हाइकाला हवा तो मराठी फॉन्ट शोधत तुम्ही 'फ्री डाउनलोड'च्या साइट्सवर गेला असणार. तिथे जे सगळ्यात मोठं हिरवं डाउनलोडचं बटण असतं ती जाहिरात असते. खरी लिंक कुठेतरी खाली, बारीक अक्षरांत. फॉन्टच्या फाइलचं शेपूट टीटीएफ किंवा ओटीएफ असतं. ते ईएक्सई असेल तर ती फाइल उघडायची नाही, नाव काहीही असो. विंडोज हे शेपूट मुळात लपवून ठेवतं, हा मायक्रोसॉफ्टचा एक अत्यंत आगाऊ निर्णय. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा, म्हणजे 'पत्रिका डॉट पीडीएफ'च्या मागे दडलेलं 'डॉट ईएक्सई' दिसायला लागेल. आणि फॉन्टसाठी आता चोरवाटांनी जायची गरज उरलेली नाही. गुगल फॉन्ट्सवर मुक्ता आणि बालू हे देवनागरी फॉन्ट फुकट आहेत, परवान्यासकट. दोन्ही आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप'ने केलेले. बालू तर 'श्री गणेशाय नमः' ठसठशीत लिहायला झकास.

पेन ड्राइव्हची गोष्ट मात्र वेगळी. तिथे खरा किडा आहे.

तो काय करतो ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला दिवसभरात किती जणांचे पेन ड्राइव्ह लागतात याचा विचार करा. कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून किडा त्या मशीनमध्ये उतरतो आणि पुढे लागणाऱ्या प्रत्येक पेन ड्राइव्हवर चढतो. तुमचे फोल्डर तो पुसत नाही, लपवतो. त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. नीट बघा, त्या प्रत्येक चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असेल आणि आकार जेमतेम एक-दोन केबी. पत्रिकांचा अख्खा फोल्डर एवढासा कसा असेल? तुम्ही लिहिलंय की क्लिक केलं की फाइल उघडते. तीच तर मेख आहे. शॉर्टकट आधी किड्याला चालू करतो आणि मग तुम्हाला संशय येऊ नये म्हणून तुमचा खरा फोल्डर उघडून दाखवतो. म्हणजे घरी तुम्ही क्लिक केलं असेल तर तो घरच्या मशीनमध्येही उतरलेला असू शकतो.

आधी फाइल्स सोडवा. पेन ड्राइव्ह उघडा, पण शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका. 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा. तरी काही दिसलं नाही तर तिथल्याच 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची टिक काढा. विंडोज धमकावेल, होय म्हणा. आता तुमचे खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील. ते तसे न दिसता कधी कधी नाव नसलेला एकच फोल्डर दिसतो आणि सगळं त्याच्या पोटात असतं. त्यातल्या तुमच्या फाइल्स, म्हणजे वर्ड, एक्सेल, पीडीएफ, फोटो, एवढ्याच कॉम्प्युटरवर कॉपी करा. बाकी ज्याचं नाव तुम्हाला वाचता येत नाही त्याला हात लावू नका. मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. हा फॉरमॅट मारायला माझी हरकत नाही. नंतर ती टिक परत लावून ठेवा, नाहीतर कोणीतरी विंडोजची फाइल कचरा समजून पुसेल.

आता घरचं मशीन तपासायचं. स्कॅन करण्याआधी एक जागा बघाच. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी खाली 'एक्स्क्लुजन्स'. अँटिव्हायरसने कुठे बघायचं नाही याची ती यादी असते. ती रिकामी असायला हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला दिसला तर समजा की तुमचं विंडोज क्रॅक करून, म्हणजे लायसन्स न घेता टाकलेलं आहे आणि ते करताना कोणीतरी अँटिव्हायरसच्या डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवली आहे. क्रॅक चालवणाऱ्या ॲक्टिव्हेटरला डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, पकडतो, म्हणून टाकणारा आधी डिफेंडरला गप्प बसवतो. असेंबल केलेल्या मशीनमध्ये हे सर्रास चालतं. यादीत काही असेल तर काढा.

मग त्याच पानावर 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडा. उघड्या फाइल्स सेव्ह करून ठेवा, कारण मशीन रीस्टार्ट होईल. विंडोज पूर्ण उठायच्या आत हा स्कॅन चालतो, त्यामुळे किड्याला लपायला वाव कमी मिळतो. पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात, तुमच्या मशीनवर थोडे जास्तच धरा. नंतर एकदा फुल स्कॅन लावून ठेवा, रात्रभर चालू दे. दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती त्यांच्याच साइटवरून घ्या. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही भारतीय अँटिव्हायरस कंपन्यांची फुकट साधनं मिळतात. पण कायम पहारा देणारा अँटिव्हायरस एकच ठेवा. एका सोसायटीच्या गेटवर दोन एजन्सीचे वॉचमन ठेवले तर ते चोराला सोडून एकमेकांनाच अडवत बसतात, तसंच इथे होतं, आणि जुनं मशीन त्यात आणखी रखडतं.

साफ झालं की नाही हे कळायला सोपी युक्ती आहे. फॉरमॅट केलेल्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर एक फोल्डर बनवा, आत कसली तरी फाइल टाका, पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावा. फोल्डरचा शॉर्टकट झाला तर किडा अजून घरात आहे. तेव्हा मात्र फॉरमॅट.

स्लोपणाला व्हायरस जबाबदार असेलच असं नाही. टास्क मॅनेजर उघडून 'डिस्क'च्या रकान्यात बघा. काही न करता तिथे १०० टक्के दिसत असेल तर जुनी फिरती हार्ड डिस्क दमली आहे. ती बदलून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घातलीत तर तेच मशीन तुम्हाला ओळखू येणार नाही. 'मेमरी' भरलेली असेल आणि रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करा. 'स्टार्टअप'मध्ये जे आपोआप सुरू होतं त्यातलं नको ते बंद करा. लॅमिंग्टन रोडला एसएसडी आणि रॅम दोन्ही बिलासकट मिळतात. वॉरंटीसाठी बिल घ्याच. पंखा मात्र उघडून बघा, मुंबईच्या दमट हवेत त्यावर धुळीचा काळा थर बसतो. एका लक्षणाने मी दचकेन: 'सीपीयू' एरवी घूं घूं करत असतो आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतो. तुमच्या विजेवर दुसऱ्यासाठी क्रिप्टोचं नाणं पाडणारे काही चोर प्रोग्रॅम असे लाजाळू असतात.

बँकेचं काय? हे मशीन साफ झाल्याची खात्री होईपर्यंत नेटबँकिंग मोबाइलवरून करा. पासवर्डही मोबाइलवरूनच बदला, कारण किडा असलेल्या कॉम्प्युटरवर नवा पासवर्ड टाइप करणं म्हणजे तो चोराला आयता देणं. आधी ईमेलचा बदला, मग बँकेचा, कारण बाकी बऱ्याच खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच रीसेट होतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ब्राउझरमधलं चालू लॉगिनच चोरता येतं, म्हणून ईमेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. व्हॉट्सॲपचे 'लिंक्ड डिव्हाइसेस'ही बघा. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर कधी व्हॉट्सॲप वेब उघडून प्रिंट काढली होती का? ते अजून तिथे चालू असू शकतं.

यातून फॉरमॅट करायची वेळ आलीच, तर तो कसा करायचा ते तुम्ही ठरवा. आधी सोसायटीचे हिशेब, पत्रिका, फोटो, फॉन्ट एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून कामाची नाही. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कपर्यंतही पोचतो. जून २०१७ मध्ये आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अशाच फायली निकामी करणाऱ्या व्हायरसने ठप्प झालं होतं, आणि तो सुटला होता युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून. ईएक्सई फाइल्स आणि क्रॅक बॅकअपमध्ये घेऊ नका, नाहीतर किडा पाहुणा म्हणून परत येईल.

दुरुस्तीवाल्याला एवढंच विचारा: 'विंडोज कुठून टाकणार?' त्याच्या खिशातल्या, दहा घरं फिरून आलेल्या पेन ड्राइव्हमधून टाकणार असेल तर पंधराशे रुपयांत तुम्ही तेच क्रॅक पुन्हा विकत घेताय. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवता येतं. अकरावीचा मुलगा हे सहज करेल. लायसन्स मात्र तुमचं हवं. अँटिव्हायरस विकत घ्यायचाच असेल तर त्याची लायसन्स-की तुमच्या ईमेलवर नोंदवा, दुरुस्तीवाल्याच्या नको.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, हेही लक्षात घ्या. विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसतं. तुमचा त्याआधीचा निघाला तर या मशीनवर जास्त खर्च करू नका. एसएसडी घाला, ती पुढच्या मशीनलाही लागेल. टायपिंग आणि हिशेब इथे चालू ठेवा, बँक कायमची मोबाइलवर न्या. आणि झेरॉक्सवाल्यासाठी वेगळा छोटा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त छापायच्या पीडीएफ. घरी आणला की काही न उघडता फॉरमॅट.

एसएसडी बदललीत तर जुनी हार्ड डिस्क दुरुस्तीवाल्याकडे राहू देऊ नका. 'भंगार आहे, काय करणार नेऊन' म्हणेल, तरी मागून घ्या. सोसायटीच्या सभासदांचे नंबर, थकबाकी, तुमच्या बँकेची स्टेटमेंट्स, सगळं त्यात आहे.